याच्या वड्या होतात का?

रोपांच्या बाजारातला एक हिशेब मला आजवर कुणी पटेल असा समजावून दिलेला नाही. सबंध हिरव्या पानांचं, ठणठणीत तब्येतीचं रोप स्वस्त. त्याच रोपाच्या पानांवर पांढरे-पिवळे पट्टे उमटले की ते महाग. पांढरा पट्टा म्हणजे काय, तर तिथे हरितद्रव्य नाही. हरितद्रव्य नाही म्हणजे तिथे अन्न शिजत नाही. चार चुलींपैकी दोन बंद आणि खाणारी तोंडं मात्र तेवढीच. त्यामुळे वाढ हळू, कडक ऊन लागलं की कडा करपणार, आणि अशा अर्धपोटी जिवासाठी दुकानदार वर जास्त दाम मागणार. मंडईत कुणी निम्मी पांढरी पडलेली मेथीची जुडी दुप्पट भावाने विकून दाखवावी.

हे सगळं हॉस्टा नावाच्या झाडाबद्दल चाललंय. आम्ही राहतो इंग्लंडात, लंडनच्या पश्चिमेला, जिथे दर तिसऱ्या घराच्या बागेत कडेच्या वाफ्यात हा हॉस्टा बसलेला असतो. बसलेलाच म्हणायचा, कारण त्याला खोड नाही, फांद्या नाहीत. जमिनीतूनच देठ निघतात आणि पानांचा गोल घेर तयार होतो. बहुवर्षायू खरा, पण बारमाही नव्हे. हिवाळ्यात जमिनीवर त्याचं नावनिशाण उरत नाही. मार्च-एप्रिलमध्ये टोकदार कोंब वर येतात, मे महिन्यात पानं उलगडतात आणि भर उन्हाळ्यात मधून एक दांडा निघून त्यावर फिकट जांभळी फुलं लोंबू लागतात. मोठ्या जाती कंबरेपर्यंत जातात, बुटक्या जाती वीतभरात आटोपतात. कडेच्या वाफ्यात पुढच्या रांगेत मान या बुटक्यांचा, त्यातही दुरंगी पानांच्या बुटक्यांचा. त्यांना सावली आणि ओल या दोनच गोष्टी लागतात आणि इंग्लंडात या दोन्ही फुकट मिळतात. बाकी काही मिळत नाही.

मूळचं हे झाड जपान, कोरिया आणि चीनचं. युरोपात ते आलं त्यात मोठा वाटा फिलिप फ्रान्झ फॉन झीबोल्ड या जर्मन डॉक्टराचा. नागासाकीच्या देजिमा बेटावर तो डच वखारीचा वैद्य होता. जपानचे नकाशे मिळवले म्हणून हेरगिरीच्या संशयावरून १८२९ मध्ये त्याला तिथून हद्दपार केलं. पुढच्या वर्षी तो युरोपात पोचला तो जपानी रोपांचा मोठा संसार घेऊन, आणि त्यात हॉस्टाही होते. नाव मात्र त्याच्या आधीच, १८१२ मध्ये, निकोलाउस होस्ट या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडलं होतं. हे होस्टही ऑस्ट्रियाच्या बादशहाचे वैद्य. म्हणजे एका वैद्याने आणलेलं, दुसऱ्या वैद्याचं नाव लावणारं झाड. आणि तरी पानात रक्त कमी.

आमच्याकडे ते आलं शेजारच्या बाईंकडून. घर घेतलं तेव्हा मागे बागेचा तुकडा मिळाला, पण तो घराच्या उत्तरेला. भिंतीलगतच्या पट्टीत सूर्य औपचारिक भेटीपुरता येतो, चहाला थांबत नाही. मेथी, कोथिंबीर आणि मिरची या तिघींनीही तिथे नांदायला नकार दिला. बाईंनी हे सगळं कुंपणावरून तीन ऋतू पाहिलं आणि मग त्यांना राहवलं नाही. त्यांनी आपल्या वाफ्यातल्या एका हॉस्टाच्या मधोमध फावडं मारलं, पायाने दाबलं आणि त्याचे उभे दोन तुकडे केले. माझ्या पोटात कालवलं. ‘त्याला चालतं,’ बाई म्हणाल्या आणि अर्धा तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून कुंपणावरून दिला. खरोखरच त्याला चालतं. इंग्लंडातले निम्मे हॉस्टा असेच फावड्याने वाटणी होऊन घरोघर गेलेले असणार.

बाई गर्ट्रूड जेकिलच्या भक्त. इंग्रजांना कडेच्या वाफ्यांचं जे वेड आहे, त्याची ही कुलदेवता. १९३२ साली वारली, पण बागांतून अजून तिचाच शब्द चालतो. मन्स्टेड वुड इथल्या तिच्या घरचा मुख्य वाफा दोनशे फूट लांब आणि चौदा फूट रुंद होता. हॉस्टाला तेव्हा फुंकिया म्हणत. ती तो कुंड्यांत लावून सावलीच्या कोपऱ्यात नेच्यांच्या शेजारी ठेवायची. तिची नजर फार अधू होती, म्हणून तिला फुलं सुटी दिसण्याऐवजी रंगांचे ढग दिसत आणि ती तशी लावतही असे, असं सांगतात. आमचा वाफा इतका आखूड आहे, की चष्मा काढला तरी त्यात ढग मावत नाही. तरी बाईंनी जेकिलच्या नावाने तीन रोपांचा त्रिकोण मांडून दिला. समोर तांबूस पानांची ह्युकेरा, मागे नेचा. मी दोन रोपं दुकानातून आणखी आणली. दुरंगीच आणली. किंमत विचारू नका, हिने विचारली होती.

मे महिन्यात आई आली, सहा महिन्यांच्या व्हिसावर. विमानतळावरून घरी आली, हातपाय धुतले, मागचं दार उघडून बाहेर पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

‘अगं बाई! अळू लावलंत की!’

‘अळू नाही आई, हॉस्टा.’

‘देठ तर पांढरट दिसतोय. म्हणजे भाजीचं. वडीचं काळ्या देठाचं नाही मिळालं का इथे?’

मी सांगितलं, की हे शोभेचं झाड आहे. आईने एक पान हातात धरलं, उलटसुलट केलं, शिरा चाचपल्या, अंगठा आणि तर्जनीत चुरडून वास घेतला. तिच्या मते ज्या पानाला असा रुंद पसारा, अशा उठावाच्या शिरा आणि इतका लांब देठ आहे त्या पानाला शोभेशिवाय काहीतरी कामधंदा असलाच पाहिजे. ‘याच्या वड्या होतात का?’ हा प्रश्न त्या संध्याकाळी तिने तीनदा विचारला. एकदा मला, एकदा हिला आणि एकदा माझ्यामार्फत शेजारच्या बाईंना.

शेवटचा प्रश्न महागात पडला. बाई अर्धा मिनिट गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘तसं पाहिलं तर जपानी लोक खातात.’ ही गोष्ट खरी आहे. तिकडे काही हॉस्टांचे कोवळे कोंब वसंतात खुडतात, त्यांना ऊरुई म्हणतात. यामागाता भागात त्यांची चक्क शेती होते. उकडून मिसोबरोबर खातात किंवा पिठात बुडवून तळतात, टेंपुरा.

‘म्हणजे भजी,’ आई म्हणाली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी इतकी वर्षं तिच्यापासून हे लपवून ठेवलं होतं. सुदैवाने कोंबांचा हंगाम उलटून गेला होता, पानं राठ झाली होती. ‘पुढच्या वर्षी मार्चमध्येच येते,’ असं तिने त्याच दिवशी जाहीर केलं.

त्या उन्हाळ्यात हॉस्टाला दोन आघाड्यांवर सांभाळावं लागलं. दिवसा आई आणि रात्री गोगलगाई. पैकी आईशी बोलता येत होतं.

इथल्या बागेतली खरी मालकीण बिनशंखाची गोगलगाय. शंखवालीही आहे, पण ती त्या मानाने घरंदाज. उन्हाळ्यात कोरड पडली की दार लावून घरात बसते. बिनशंखाचीला घराचा पाश नाही. हॉस्टाचं पान हे तिचं पक्वान्न, आणि पान अजून गुंडाळलेलं असताना तिने त्याला एकच भोक पाडलं तर उलगडल्यावर एका रांगेत पाच भोकं दिसतात. आम्हाला आधी वाटलं, जातच जाळीदार आहे. आईलाही तसंच वाटलं. म्हणाली, ‘नक्षी छान आहे.’

उपाय शेकड्याने आहेत. प्रत्येक इंग्रज माणसाकडे एक असतो आणि तो दुसऱ्याचा उपाय ऐकून घेताना हळूच हसतो. तांब्याची पट्टी लावा म्हणजे तिला झटका बसतो. हा उपाय आईला फार पटला. तांब्यावर तिचा जन्मापासून विश्वास. अंड्याची टरफलं पसरा, तिला टोचतात. आमच्या घरात अंडं येत नाही, आई असताना तर नाहीच, तेव्हा टरफलं शेजारून उसनी आणली. ती परत करायची नसतात हे आईला पटवावं लागलं. जाड खडी, पाइनच्या सालीचे तुकडे, लोकरीच्या गोळ्या. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी ही १८०४ सालापासूनची संस्था. तिने २०१८ मध्ये हे पाचही उपाय लेट्यूसच्या रोपांभोवती रीतसर करून पाहिले. निष्कर्ष असा, की गोगलगाईंनी यातल्या कशाचीही दखल घेतली नाही.

निळ्या विषारी गोळ्यांचा उपाय पूर्वी होता. पक्षी आणि इथले छोटे काटेरी हेजहॉग त्यापायी मरतात म्हणून २०२२ च्या वसंतात ब्रिटनमध्ये त्यांवर बंदी आली. आणि त्याच सुमारास त्या थोर संस्थेने जाहीर केलं, की आम्ही यापुढे गोगलगाईंना कीड म्हणणार नाही. ब्रिटनमध्ये बिनशंखाच्या ४४ जाती आहेत, त्यातल्या फक्त ९ बागेतली झाडं खातात, बाकीच्या बिचाऱ्या पालापाचोळा कुजवून आपलीच सेवा करतात. म्हणजे सरकारने हातातलं हत्यार काढून घेतलं आणि संस्थेने आरोपीला निर्दोष सोडलं. रात्री अकरा वाजता टॉर्च घेऊन वाफ्यात उकिडवं बसलं, की समोरची नवातली आहे की पस्तिसातली, हे विचारायची सोय नसते.

मग बिअर. मातीत वाटी पुरायची, बिअरने भरायची. वासाने ती येते आणि बुडते. आमच्या घरात बिअरचा डबा पहिल्यांदा आला तो असा गोगलगाईंसाठी, आणि आईसमोर तो पिशवीतून काढताना हे वाक्य मी जितक्या वेळा उच्चारलं, तितका आईचा त्यावरचा विश्वास कमी होत गेला. सकाळी वाटीत चार जणी सापडल्या तेव्हा कुठे माझी सुटका झाली. आईने वाकून पाहिलं. ‘उपाशी तरी नाही मेल्या,’ म्हणाली.

सर्वांत शास्त्रशुद्ध उपाय म्हणजे सूक्ष्म कृमी. डोळ्यांना न दिसणारे हे कृमी गोगलगाईच्या शरीरात शिरतात आणि तिला आतून संपवतात. पाकीट टपालाने येतं, त्यात लाखो जिवंत कृमी असतात. झारीत मिसळून ओल्या मातीवर शिंपडायचे, माती पाच अंशांपेक्षा गरम हवी, आणि परिणाम दीडेक महिना टिकतो. हे सगळं उत्तम. अडचण अशी, की शिंपडेपर्यंत पाकीट फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. हिने ते खालच्या कप्प्यात, भाज्यांच्या मागे, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलं होतं. आईला ते एकादशीच्या दिवशी सापडलं. शेजारी खिचडीसाठी भिजवलेल्या साबुदाण्याचं पातेलं होतं. त्या दिवशी काय बोलणं झालं ते छापण्याजोगं नाही. फ्रिज आतून तीनदा पुसला गेला आणि कृमींची रवानगी भर पावसात वाफ्यात झाली. पाऊस त्यांना मानवतो, त्यामुळे शास्त्राच्या बाजूने तो निर्णय बरोबरच होता.

शेजारच्या बाई मात्र हाताने वेचतात. शंखवाल्या वेचल्या की रात्री कुंपणावरून पलीकडे सोडायच्या, ही इथली जुनी, न बोलण्याची रीत. पलीकडे म्हणजे आमच्याकडे. यावर डेव्हनच्या रूथ ब्रुक्स नावाच्या आजींनी २०१० मध्ये बीबीसी रेडिओच्या हौशी शास्त्रज्ञांच्या स्पर्धेत प्रयोग केला आणि स्पर्धा जिंकली. शंखांना नखं रंगवायचं पॉलिश लावून त्यांनी गोगलगाई दूर नेऊन सोडल्या. त्या दहा मीटरवरूनही आपल्या बागेत परत येतात असं दिसलं. परत यायला नको असतील तर वीस मीटरच्या पुढे न्या, असा सल्ला निघाला. आमच्या ओळीतल्या बागा सहा-सात मीटर रुंदीच्या आहेत. म्हणजे या आळीत कुंपणावरून जी देवाणघेवाण चालते, तिच्यातून कुणाचीही गोगलगाय कमी होत नाही. सगळ्याजणी फक्त फिरून येतात.

फुलांचा मोसम आला तेव्हा आणखी एक वाद झाला. हॉस्टाचे खरे भक्त फुलांचे दांडे कात्रीने छाटून टाकतात. त्यांच्या मते फुलं म्हणजे पानांच्या शोभेत अडथळा. बाई कात्री घेऊन आल्या आणि आई मधे उभी राहिली. हॉस्टाचं एकेक फूल एकच दिवस टिकतं, दुसऱ्या दिवशी दांड्यावर वरचं उमलतं. देवपूजेला रोज ताजं हवं असणाऱ्या बाईला यापेक्षा सोयीचं फूल मिळणं कठीण. जुलैभर आमच्या देव्हाऱ्यात बाळकृष्णाला जपानी फुलं होती. बाईंनाही नंतर ते पटलं. आता त्या आपल्याकडचे दांडे छाटून फेकत नाहीत, सकाळी कुंपणावर ठेवतात.

नावांचं प्रकरण वेगळंच. हॉस्टाच्या नोंदलेल्या जाती हजारोंनी आहेत आणि नावं देणारे बहुतेक अमेरिकन. तिकडचे हॉस्टा पिकवणारे दर वर्षी एका जातीला ‘वर्षाचा हॉस्टा’ म्हणून निवडतात. १९९७ मध्ये पॅट्रिअट, २००१ मध्ये जून, २००२ मध्ये ग्वाकामोले, इथवर ठीक. २००५ मध्ये स्ट्रिपटीज. मी दुकानातून आणलेल्या दोन रोपांपैकी एक नेमकी हीच. पानाच्या मध्यावर पिवळसर पट्टा आणि त्याला बारीक पांढरी किनार, म्हणून ते नाव. आई निवृत्त शिक्षिका. लेबल दिसलं की वाचतेच, मोठ्याने वाचते, आणि मग अर्थ विचारते. हिने पहिल्याच दिवशी ते लेबल उपटून खिशात घातलं. आई त्या रोपाला ‘ती किनारवाली’ म्हणते आणि मला तेच नाव जास्त नेमकं वाटतं.

पट्ट्यांच्या या हव्यासाने बाजाराची एकदा चांगली फजिती केली आहे. काही हॉस्टांच्या पानांवर वेगळीच नक्षी दिसू लागली. शिरांजवळ शाई पसरल्यासारखे डाग, मधेच सुरकुत्या. वा, नवी जात! ब्रेकडान्स, लेपर्ड फ्रॉग अशी बारशी झाली, रोपं विकली गेली, लोकांनी हौसेने घेतली. १९९६ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी हॉस्टाचा एक नवा विषाणू ओळखला आणि पुढे कळलं, की ही नक्षी नव्हती, दुखणं होतं. चाकू-कात्रीला लागलेल्या रसातून ते पसरतं. त्यावर औषध नाही. झाड मुळासकट उपटून कचऱ्यात टाकायचं आणि हत्यारं निर्जंतुक करायची. अशक्तपणाला दाम देणाऱ्या गिऱ्हाइकाला आजार विकणं फारसं अवघड गेलं नाही.

पण खरी गंमत ऑगस्टमध्ये घडली. बाईंनी दिलेला जो मूळ अर्धा तुकडा होता ती जात अंड्युलाटा: जुनी, बुटकी, लाटेरी पानांची, मधे पांढरी आणि कडेला हिरवी. या जातीची खोड अशी, की तिला पांढरेपणाचा मनापासून कंटाळा आहे. दुरंगी पान म्हणजे एकाच कोंबात दोन प्रकारच्या पेशींचा जोडसंसार. एका घराण्यात हरितद्रव्य आहे, दुसऱ्यात नाही. कधीतरी हिरवं घराणं वरचढ होतं आणि संपूर्ण हिरवा कोंब निघतो. तसा तो निघाला. रुंद, गडद, तुकतुकीत पानांचा.

बाईंनी कुंपणावरूनच निदान केलं: ताबडतोब मुळासकट काढा. कारण हिरव्याची ताकद जास्त. दोन-तीन वर्षांत तो पांढऱ्यांना दाबून टाकतो आणि सगळं झाड हिरवं होतं. सगळी पुस्तकंही हेच सांगतात. मी खुरपं आणलं.

‘अरे, काय करतोस?’ आई धावत आली. ‘एवढ्या आजारी भावंडांत एकाची तब्येत सुधारतेय, आणि तू त्यालाच उपटतोस?’

मी हरितद्रव्य, पेशी, जातीची शुद्धता, सगळं सांगितलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं. शाळेत पस्तीस वर्षं काढलेल्या बाईला ऐकून घेण्याची सवय असते. मग म्हणाली, ‘म्हणजे ते आजारीच राहावं म्हणून तू इतकी मेहनत करतोयस.’

याला बागकामाच्या एकाही पुस्तकात उत्तर नाही. मी कोंब काढला. आईने तो माझ्या हातातून घेतला आणि कचऱ्याच्या पेट्यांच्या मागे, जिथे जेकिलबाईंचा आत्मा कधीही फिरकणार नाही अशा जागी लावला. त्याला ना बिअर मिळाली, ना कृमी. तांदूळ धुतलेलं पाणी तेवढं मिळालं. आज तो आमच्या बागेतला सर्वांत मोठा हॉस्टा आहे. गोगलगाई त्यालाही खातात, पण तो त्यांच्या खाण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने वाढतो. पाहुणे आले की मात्र आम्ही त्यांना वाफा दाखवतो, पेट्यांच्या मागे नेत नाही. बाजाराने ठरवलेली किंमत माणसाच्या नजरेत इतकी मुरते.

हे वाचून पुण्या-मुंबईत कुणाला हॉस्टा मागवायचा मोह झाला असेल तर तो आवरावा. त्याला दर हिवाळ्यात निदान महिना-दीड महिना जवळजवळ गोठवणाऱ्या थंडीतली झोप लागते. ती मिळाली नाही तर तो दर वर्षी खंगत जातो. इथे तुमच्याकडे कुत्रं असेल तरी सांभाळा, कुत्र्या-मांजरांना हॉस्टा बाधतो. सावलीत रंगीबेरंगी पानांचीच हौस भागवायची असेल तर जवळच्या नर्सरीतून रंगीत अळू, म्हणजे कॅलेडियम, आणा. पावसाळ्यात ते झकास येतं, थंडीत पानं झडतात आणि कंद मातीत निजतो. फक्त घरात आई किंवा सासूबाई असतील तर कुंडीवर ठळक अक्षरांत लिहून ठेवा: विषारी आहे, घशाला सूज येते, चिंच घालून शिजवलं तरी खायचं नाही.